कोच बदलून काय होणार, आधी मॅचेस द्या

नोव्हेंबर 2025 मध्ये आपली फुटबॉल टीम ढाक्यात बांगलादेशकडून हरली, ती मॅच बघून तू विचारलंस की काका, कोच खालिद जमीलला काढून परत एखादा युरोपातला कोच आणला तर टीम सुधारेल का, का आता इंडियाच्या मॅचेस बघणंच सोडून द्यायचं. दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. पण नुसतं नाही म्हणून भागणार नाही, कारण तुझा राग खरा आहे, फक्त चुकीच्या माणसावर निघतोय. कोचवर नको, ऑफिसवर काढ. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचं मुख्य काम काय, तर खेळाडूंना वर्षभर नीट, वेळेवर, चांगल्या मॅचेस खेळायला मिळतील हे बघणं. तेच होत नाहीये, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी कोचचं बोलू कारण तू तिथूनच सुरुवात केलीस. इगोर स्टिमाच 2019 ला आला. चांगला की वाईट ह्यावर इंदूरमध्येच आमच्या मित्रांत भांडणं व्हायची, ते सोड. ऑक्टोबर 2023 मध्ये फेडरेशननी त्याचा करार 2026 पर्यंत वाढवला आणि जून 2024 मध्ये काढून टाकलं. आठ महिन्यांत! मग तो पैशासाठी भांडला आणि शेवटी चार लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. करार वाढवताना बाहेर पडायची साधी अट घालून घ्यायला नको का? हे पैसे कुठून गेले, तर पोरांच्या स्पर्धांना जे जाऊ शकले असते तेच. त्यानंतर मानोलो मार्केझला आणलं तेही एफसी गोवा हा क्लब सांभाळता सांभाळता, म्हणजे देशाची टीम हे त्याचं दुसरं काम. आठ मॅचेस, एकच विजय, तोसुद्धा मालदीवविरुद्ध. माणूस वाईट नव्हता, क्लबमध्ये त्यानी काय काम केलंय ते सगळ्यांना माहितीये, पण दोन होड्यांत पाय ठेवायला त्याला लावलं कोणी? 2025 च्या जुलैमध्ये तो गेला आणि ऑगस्टमध्ये खालिद आला.

खालिदच्या बाबतीत मला खरंच वाईट वाटतं. बऱ्याच वर्षांनी आपला माणूस त्या खुर्चीवर बसला, आयझॉलसारख्या टीमला 2017 मध्ये आय-लीग ही देशातली लीग जिंकून दिलेला माणूस. आल्या आल्या त्यानी ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात 2-1 हरवलं, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला, आणि हे सगळं मोहन बागान क्लबनी आपले खेळाडू सोडले नसताना. मग ऑक्टोबरमध्ये आशिया कपच्या क्वालिफायरमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत, सिंगापूरशी दोन मॅचेस आल्या. तिकडे 1-1, ती पण रहीम अलीनी अगदी शेवटी गोल केला म्हणून, आणि मडगावला 1-2. छांगतेनी सुरुवातीलाच काय सुंदर गोल मारला होता, आठवतो ना? तिथेच आशिया कपचं दार बंद झालं. ढाका त्यानंतर आलं, म्हणजे ती मॅच हरलो नसतो तरी आपण बाहेरच होतो. तरीपण बांगलादेशकडून 2003 नंतर पहिल्यांदा हरणं हे गिळायला जड आहे, रात्री झोप लागली नाही मला.

आता हे बघ, सिंगापूरच्या मॅचेस झाल्या तेव्हा आपले बहुतेक खेळाडू एप्रिलपासून लीगची एकही मॅच खेळले नव्हते. काही जण डुरँड कप खेळले, काहींना आशियातल्या क्लब स्पर्धांत थोडं मिळालं, बाकीचे नुसता सराव. क्लबांचा सुपर कप सुरू झाला तो सिंगापूरच्या मॅचेस झाल्यावर. शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात, पास मागे राहतो, स्ट्रायकर समोर गोलकीपर एकटा असताना उशीर करतो, हे सगळं सरावानी जात नाही, मॅचेसनीच जातं. लहान मुलांना शिकवताना मी हे रोज बघतो. महिनाभर फक्त ड्रिल केलेला मुलगा आणि दर आठवड्याला मॅच खेळलेला मुलगा एकत्र उतरवा, पंधरा मिनिटांत फरक दिसतो.

आणि लीग का नव्हती? कारण रिलायन्सच्या कंपनीबरोबरचा जो करार होता, ज्याच्यावर सगळी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, ही देशातली मुख्य लीग चालायची, तो 8 डिसेंबर 2025 ला संपणार होता. हा करार झाला 2010 मध्ये, पंधरा वर्षांसाठी, सातशे कोटींचा. म्हणजे संपायची तारीख पंधरा वर्षं आधी माहिती होती. आपण अकरा महिन्यांच्या भाड्याच्या घरात राहत असलो तरी करार संपायच्या दोन महिने आधी मालकाशी बोलून घेतो की नाही? इथे अख्ख्या देशाचं फुटबॉल त्या एका कागदावर उभं होतं आणि खरी बोलणी येऊन पोचली शेवटच्या वर्षात. तोपर्यंत फेडरेशनच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात, एप्रिलमध्ये कोर्टानी सांगितलं की निकाल लागेपर्यंत नवा करार करू नका. जुलैमध्ये लीग चालवणाऱ्यांनी सीझन थांबवला. सप्टेंबरमध्ये निकाल आला, मग टेंडर काढलं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. एकही नाही. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, काहींनी सराव बंद केला. आणि अशा वेळी आपण म्हणतो ढाक्यात खेळाडूंनी जीव का नाही लावला.

कोर्टानी हात बांधले होते असं फेडरेशनवाले म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे हे मी मान्य करतो. पण तो खटला काही 2025 मध्ये उगवलेला नाही, 2017 पासून चालत आला होता. त्याच भानगडीतून 2022 मध्ये कोर्टानी प्रशासक बसवले, फिफानी ऑगस्टमध्ये आपल्यावर बंदी घातली, मुलींचा अंडर-17 वर्ल्डकप हातचा जाता जाता वाचला. त्यानंतर निवडणूक झाली, भायचुंग भुतियाला 33 विरुद्ध 1 मतांनी हरवून कल्याण चौबे अध्यक्ष झाले. पहिल्यांदा एक माजी खेळाडू, तो पण गोलकीपर, अध्यक्ष झाला म्हणून मला फार आशा होती. जानेवारी 2023 मध्ये फेडरेशनचा आराखडा, व्हिजन 2047, आला, आशियातल्या पहिल्या चारांत जायचं म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एशियन गेम्सला आपली टीम मॅचच्या आदल्या दिवशी चीनमध्ये उतरली आणि 5-1 हरली, कारण आयएसएलची तारीख आणि एशियन गेम्सची तारीख एकमेकांवर आली आणि क्लब खेळाडू सोडेनात. ज्यांना एका सप्टेंबरचं कॅलेंडर जुळवता आलं नाही त्यांच्या 2047 वर मी विश्वास कसा ठेवू? आणि नोव्हेंबरमध्ये सरचिटणीसालाच काढून टाकलं. ऑफिसच स्थिर नाही तर टीम कुठून स्थिर होणार.

आयएसएलच्या खालच्या आय-लीगचं बघ. 2024-25 चा चॅम्पियन कोण हे मैदानावर ठरलंच नाही. एप्रिलमध्ये फेडरेशननी चर्चिल ब्रदर्सना विजेते म्हणून जाहीर केलं, इंटर काशीवाले स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेले, आणि जुलैमध्ये तिथून निकाल आला की चॅम्पियन इंटर काशी. का, तर काही मॅचेसमध्ये अपात्र खेळाडू खेळवल्याच्या तक्रारी होत्या, त्यांचे पॉइंट कुणाला द्यायचे हे इथे नीट ठरवता आलं नाही. आता मला सांग ह्यात कोचचा काय संबंध, खेळाडूचा काय संबंध.

पुणेकर नातेवाईक असतील तर त्यांना एफसी पुणे सिटीबद्दल विचार. बालेवाडीला लोक जायचे, गाणी म्हणायचे, भगवा-जांभळा घालून. 2019 मध्ये टीम बंद, जागा हैदराबादला गेली. हैदराबादनी 2022 मध्ये आयएसएलचा कप जिंकला, पुढे पगार थकायला लागले आणि 2025 मध्ये तीच टीम दिल्लीला. फॅननी जीव लावायचा कुणावर? लीगची रचनाच अशी ठेवलीये की क्लब म्हणजे दुकान, नाही चाललं तर शटर खाली. फेडरेशन हे थांबवू शकतं, लायसन देताना मालकाकडून हमीची रक्कम घेऊ शकतं, खालची लीग मजबूत ठेवू शकतं म्हणजे एक गेला तर दुसरा वर येईल.

स्ट्रायकरचं पण बोलतो कारण "आपल्याला गोलच करता येत नाही" असं तू लिहिलंस आणि ते खरं आहे. आशिया कपच्या ह्या क्वालिफायरमध्ये ढाक्यापर्यंत पाच मॅचेस, दोन गोल, दोन पॉइंट. 2024 च्या पूर्ण वर्षात अकरा मॅचेस आणि एकही विजय नाही. सुनील छेत्री जून 2024 मध्ये रिटायर झाला आणि मार्च 2025 मध्ये त्याला परत बोलवावं लागलं, आणि त्या सीझनमध्ये आयएसएलमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कुणाचे, तर चाळिशीच्या छेत्रीचे, चौदा. त्याच्यामागे पंचवीस वर्षांचा कुणी का नाही? कारण बहुतेक क्लबांचा नंबर नऊ, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, परदेशी असतो. चार परदेशी मैदानात खेळवायची परवानगी आहे आणि बहुतेक कोच त्यातला एक पुढे ठेवतात, त्यांची पण नोकरी आहे, मी त्यांना दोष देत नाही. मग भारतीय मुलगा एक तर विंगवर जातो नाहीतर बाकावर बसतो. फेडरेशननी ह्यासाठीच इंडियन अ‍ॅरोज नावाची तरुण मुलांची टीम आय-लीगमध्ये खेळवली होती. 2017 च्या अंडर-17 वर्ल्डकपची पोरं, कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यातच होता, तिथे मोठ्यांशी खेळून तयार झाली. हरायची खूप, पण दर आठवड्याला खेळायची. 2022 मध्ये ती टीम बंद केली. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात वाईट निर्णय हाच, स्टिमाचच्या करारापेक्षा वाईट.

फुटबॉलला क्रिकेटनी खाल्लं असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. क्रिकेट जिंकलं की सगळं इंदूर राजवाड्यावर लोटतं, मी पण जातो, त्यात काय वाईट. पण आपल्याच एमपीमध्ये शहडोलजवळ विचारपूर गाव आहे, ज्याला लोक मिनी ब्राझील म्हणतात, पंतप्रधानांनी 2023 मध्ये मन की बातमध्ये नाव घेतलं. तिथे घराघरात फुटबॉल खेळतात, कुणी जाहिरात केली नव्हती. इथे इंदूरमध्ये सकाळी मैदानावर ये, साडेसहाला थंडीत पोरं उभी असतात. आवड आहे. नाहीये ते पुढचं. एखादी जिल्ह्याची स्पर्धा, एखादी शाळेची, सगळ्या बाद पद्धतीच्या, पहिल्या दिवशी हरला की मुलाचा सीझन संपला, परत पुढच्या वर्षी. मग पालक येऊन विचारतात की सर, ह्यात स्कोप काय, आणि मुलगा पंधराचा झाला की कोचिंग क्लासला जातो. दिल्लीत लीग थांबली की तिचा धक्का थेट इथपर्यंत येतो, कारण पालकांना टीव्हीवर दाखवायला माझ्याकडे काही राहत नाही.

मुलींच्या टीमचं विसरू नको, फार कमी लोक बोलतात त्यांच्याबद्दल. जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवून त्या आशिया कपला गेल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. क्वालिफायर खेळून आपल्या मुली पहिल्यांदा गेल्या. तेच फेडरेशन, कमी पैसा, तरी झालं. ह्याचा अर्थ आपल्या खेळाडूंत नाही असं काही नाही.

तर खालिदला राहू दे. दोन वर्षं तरी. नवीन कोच आला तरी त्याला तीच सहा महिने न खेळलेली पोरं मिळणार. रायन विल्यम्ससारखा खेळाडू ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून आपल्याकडे आला, ढाक्याला टीमबरोबर गेला आणि मंजुरीचा कागद न आल्यामुळे खेळू शकला नाही, हे पण कोचच्या हातात नव्हतं. ओरडायचंच असेल तर कॅलेंडर मागा. पुढच्या तीन सीझनच्या तारखा आत्ता जाहीर करा, लीग कधी सुरू, देशाच्या मॅचेस कधी, खालच्या वयाच्या लीग किती महिने, आणि अ‍ॅरोज परत चालू करा.

आणि हे लिहितोय तेव्हा ह्या क्वालिफायरमधली एक मॅच उरलीये, मार्च 2026 मध्ये हाँगकाँगशी, घरची. पॉइंटच्या हिशोबात तिला काही अर्थ नाही, म्हणूनच ती महत्त्वाची आहे. सप्टेंबर 2025 मध्ये कोच नौशाद मूसाच्या अंडर-23 पोरांनी बहरीनला 2-0 हरवलं आणि कतारशी जेमतेम 1-2 हरली. त्यातली पाच-सहा पोरं खालिदनी त्या मॅचला सुरुवातीपासून उतरवावीत, पुढे खेळणारा तर नक्की भारतीयच आणि तेविसाच्या आतला, आणि हरला तरी नव्वद मिनिटं त्याला काढू नये. मी ती बघणार आहे, तू पण बघ आणि मला सांग कोण कसा खेळला.