आई घरी, मग खरेदीखतावर अंगठा कुणाचा?

प्रश्न : ताई, रत्नागिरी तालुक्यात आईच्या नावावर अकरा गुंठे जमीन आहे. आई 78 वर्षांची, डोंबिवलीला आमच्याकडेच असते. परवा गावाहून शेजाऱ्यांचा फोन आला की चावडीवर फेरफाराची नोटीस लागली आहे, आईने जमीन विकल्याची! फोटो, अंगठा, आधार कार्ड घेतल्याशिवाय दस्त नोंदवत नाहीत ना? मग हे झालं कसं? नोंदणी कार्यालय दस्त रद्द करून देईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी घाईचं काम. नोटीस लागली आहे म्हणजे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद, धरला गेलाय, पण अजून मंजूर झालेला नाही. 15 दिवसांच्या आत आईंच्या सहीची लेखी हरकत तलाठी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून परत फिरू नका. लेखी हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी घ्यावीच लागते.

त्याच फेरीत नोंदणी कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. शेवटची पानं नीट बघा. तिथे देणाऱ्याचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा असतो. त्याखाली एक ओळ छापलेली असते, की खालील इसम दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तीशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात. त्या ओळीखाली ज्यांची नावं आहेत, पोलिसांनी पहिली चौकशी त्यांची करावी असा आग्रह धरा. बाई खोटी उभी केली असेल, तर तिला ‘ओळखणारे’ कुठून आले?

आता कसं झालं ते. मी बरीच वर्षं दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खुर्चीत बसले आहे, म्हणून सांगते. नोंदणी अधिनियम 1908 चं कलम 34 मुख्यतः दोन गोष्टी बघायला सांगतं : दस्त तुम्हीच करून दिलात का, आणि समोर आलेली व्यक्ती तीच आहे का. जमिनीची मालकी खरी की खोटी, हे ठरवायचा अधिकार त्या खुर्चीला नाही. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूच्या एका नियमाबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं.

फोटो आणि अंगठा 2001 च्या दुरुस्तीने, कलम 32अ मधून सक्तीचे झाले. चांगलंच झालं. पण घेतलेला ठसा ताडून कशाशी बघायचा? आधारच्या यंत्रणेतून बोटाची पडताळणी झाली तर ठीक. नुसती कार्डाची झेरॉक्स जोडली असेल तर ती कुणीही बनवून आणतं. आणि पडताळणी खरी झाली तरी एक भगदाड उरतंच. सातबाऱ्यावर फक्त नाव असतं, ना फोटो ना ठसा. त्याच नावाची दुसरी बाई स्वतःचं खरं आधार घेऊन आली, तर यंत्र तिला बिनदिक्कत ‘बरोबर’ म्हणेल. माझ्या मते कायद्याने खरा घाव इथे घालायला हवा. केंद्राने 2025 मध्ये नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला, त्यात संमतीने आधार पडताळणी आहे. ती हवीच. पण सातबाऱ्यावरच्या मालकाची ओळख आधीच जोडून ठेवावी आणि दस्त टेबलावर येताक्षणी त्याच्या मोबाइलवर संदेश जावा, अशी सक्ती मला जास्त गरजेची वाटते. इंग्लंडमध्ये जमीन नोंदणी खातं मालमत्तेवर हालचाल झाली की मोफत इशारा पाठवतं. आपल्याकडची म्हातारी माणसं मुलांकडे शहरात राहतात, जमीन गावाला एकटी पडते. त्यांनी शेजाऱ्याच्या फोनच्या भरवशावर का राहावं?

दस्त रद्द करण्याबद्दल : नाही, एकदा नोंदलेला दस्त निबंधक रद्द करू शकत नाही. तमिळनाडूने 2022 मध्ये जिल्हा निबंधकाला तसा अधिकार देणारं कलम आणलं होतं, मद्रास उच्च न्यायालयाने ते 2024 मध्ये रद्दबातल ठरवलं. तुम्हाला दिवाणी न्यायालयातच जावं लागेल, विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 31 खाली. मुदत माहिती झाल्यापासून तीन वर्षं, पण तीन महिनेही थांबू नका.

पोलिसांत फिर्याद आणि निबंधकांकडे अर्ज, दोन्ही एकदमच द्या. तोतयेगिरी करून दस्त नोंदवणं हा नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे; शिवाय भारतीय न्याय संहितेत खरेदीखतासारखा दस्त बनावट करण्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आईंच्या अंगठ्याचा नमुना दस्तावरच्या ठशाशी तज्ज्ञाकडून ताडून घ्यायची मागणी फिर्यादीतच लिहा. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

घेणारा म्हणेल, मी पैसे मोजलेत, माझा काय दोष? त्याचीही फसवणूक झालेली असू शकते. तरी जी जमीन विकणाऱ्या बाईची नव्हतीच, ती त्याला मिळत नाही. फक्त दावा दाखल झाला की वकिलांना सांगून दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, नोंदणी कार्यालयात नोंदवून घ्या. आपल्या राज्यात ती नोंदवल्याशिवाय पुढच्या खरेदीदारावर दाव्याचा निकाल बंधनकारक ठरवणं अवघड जातं, आणि अशी जमीन पुढे विकायची घाई या लोकांना फार असते.