हक्कसोड पत्रात ‘लिहून देणार’ कोण, ते आधी बघा

प्रश्न : माझं वय 66. नाशिकच्या सिडकोत आमचं रो-हाउस आहे, ह्यांनी सिडकोकडूनच घेतलेलं. हे चार वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या. मुलाचं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क चालतं. त्याला व्हीएमसी मशीन (धातूचे सुटे भाग कापणारं संगणकी मशीन) घ्यायचंय, म्हणून घरावर 30 लाख कर्ज काढू म्हणतो. घराची किंमत 60-65 लाख सांगतात. लग्न झालेल्या मुलीची सही लागेल म्हणून त्याने हक्कसोड पत्र तयार करून आणलंय, फोटो पाठवतेय. नोंदणीसाठी त्याने गुरुवारची वेळ घेतलीय. शेजारचे भाऊ म्हणतात, त्यापेक्षा तुम्ही रिव्हर्स मॉर्गेज घ्या. घरपट्टी माझ्या नावावर आहे. मला पेन्शन अडीच हजार, चार लाखांची एफडी आहे. काय करावं?

उत्तर : ताई, बँकेचं नंतर बघू. तुम्ही पाठवलेल्या दस्ताचं पहिलं पान पुन्हा वाचा. ‘लिहून घेणार’, म्हणजे ज्याला हक्क मिळतो तो, म्हणून मुलाचं नाव आहे, ते ठीक. पण ‘लिहून देणार’, म्हणजे हक्क सोडणारे, म्हणून दोन नावं आहेत : क्रमांक 1 तुमचं, क्रमांक 2 मुलीचं. म्हणजे लेकीच्या सहीसाठी म्हणून आलेल्या या कागदावर तुम्हीही तुमचा हिस्सा सोडताय. काही शे रुपयांच्या मुद्रांकावर अख्खं घर मुलाचं होतं आणि तुम्ही त्या घरात त्याच्या मर्जीने राहणाऱ्या होता.

मुलाच्या मनात हे असेलच असं मी म्हणत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर जुन्याच मसुद्यात नावं बदलून दस्त निघतात, टाइप करणाऱ्याला तुमच्या घरातलं काय माहीत. पण नोंदणी झाली की ‘मला वाटलं नव्हतं’ हे सिद्ध करत बसावं लागतं. मुलाने सांभाळलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली असा दस्त रद्द करून मागता येतो खरा, पण सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहिलेली असेल तर. तुमच्या मसुद्यात ती कुठेच नाही.

आता घर कुणाचं? घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे मालकी आली, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. महापालिका कर कुणाकडून घ्यायचा तेवढं बघते. तुमच्या यजमानांनी स्वतः घेतलेलं घर, मृत्युपत्र नाही, त्यांच्या आई हयात नव्हत्या. त्यामुळे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी, प्रत्येकी एक तृतीयांश. मुलीच्या लग्नात किती खर्च केला याचा या हिश्शाशी संबंध नाही. शिवाय सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची. सिडकोकडे वारस नोंद झाल्याशिवाय आणि गहाणाची ना-हरकत घेतल्याशिवाय बँकेचा वकील फाइल पुढे सरकवणार नाही. ते काम कर्ज घ्या न घ्या, करून टाका.

रिव्हर्स मॉर्गेजबद्दल भाऊंचं अर्धं बरोबर आहे. साठी ओलांडलेल्या घरमालकाला बँक राहत्या घराच्या तारणावर जास्तीत जास्त 20 वर्षं पैसे देते, हप्ता भरायचा नसतो, हयातीत घराबाहेर काढत नाहीत, मागाहून वारस कर्ज फेडून घर ठेवू शकतात. पण घराचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, तुमच्या नावावर साफ हवं. आणि तो पैसा धंद्यासाठी वापरता येत नाही, म्हणजे मशीनचा प्रश्न तिथे सुटतच नाही. ही योजना प्रत्यक्षात देणाऱ्या शाखाही शोधाव्या लागतात. तरीसुद्धा अडीच हजार पेन्शनवाल्या बाईची ती शेवटची शिदोरी आहे, हे ध्यानात ठेवा. आज घर मुलाच्या कर्जात गेलं तर ती वाट बंद.

आता मुलाचं कर्ज. 30 लाख, 10 टक्के, 10 वर्षं धरलं तर महिन्याला सुमारे 39,600 रुपये हप्ता. ज्या कंपनीचं जॉबवर्क तो करतो तिचं पेमेंट दोन-तीन महिने लटकलं तर हा हप्ता कुठून येणार, हे त्याच्या वहीत बघा. हप्ता 90 दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतात. मग सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घ्या, बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. त्यानंतर ताब्याची कारवाई. तिच्याविरुद्ध दाद कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, 45 दिवसांत. ‘सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टातून स्टे आणू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दिवाणी न्यायालयाला यात हात घालता येत नाही. ‘राहतं घर आहे, काढणार नाहीत’ हेही ऐकू नका.

माझं मत स्पष्ट आहे : पहिलं तारण मशीनचं. मशीन स्वतःच गहाण राहू शकतं. सूक्ष्म उद्योगाकडून 20 लाखांपर्यंतच्या कर्जाला (1 एप्रिल 2026 पासून; त्याआधी ही मर्यादा 10 लाख होती) बँकेने तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्यावरच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी हमी योजनेत घर गहाण न ठेवता कर्ज बसवता येतं. मुलाने बँकेत हे विचारलंय का? बहुतेकदा विचारलेलं नसतं, कारण घर दाखवलं की मॅनेजरलाही सोपं जातं.

एवढं करूनही पाच-सात लाख कमी पडले आणि घर तारण द्यावंच लागलं, तर तिघांच्या नावाने द्या, कुणाचाही हक्क न सोडता. मुलगी राजीखुशीने सोडत असेल तर तुमच्या लाभात सोडू दे. तुम्ही फक्त गहाण देणाऱ्या राहा. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही नको. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, घर विकून कमी पडलं तर बँक तुमच्या एफडीकडे वळते. कागदात ‘आज व यापुढे घेतलेली सर्व कर्जे’ असे शब्द दिसले की थांबा. तिथे ठरलेला आकडा लिहून घ्या, नाहीतर उद्याच्या टॉप-अपलाही (वाढीव कर्जालाही) हेच घर अडकतं. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा नियम आहे.

दस्त नोंदणीसाठी मुलाने गुरुवारची वेळ घेतल्याचं तुम्ही लिहिलंय. ती रद्द करायला सांगा, आणि त्याच्याआधी लेकीला फोन करून हे पहिलं पान तिलाही पाठवा. तिच्याशी अजून कुणी बोललेलंच नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.