शंका-समाधान : स्कॅन काळा, नकाशा लालभडक

प्रश्न : एफएमआरआयचा (मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयचा) झेडस्टॅट नकाशा, म्हणजे प्रत्येक ठिकाणचा सांख्यिकी झेड-आकडा दाखवणारा नकाशा, मी एफएसएलआइज या मेंदूची चित्रं पाहण्याच्या प्रोग्राममध्ये टी-वन स्कॅनवर (मेंदूची रचना दाखवणाऱ्या एमआरआयवर) ठेवून पाहते. टी-वन जवळजवळ काळा दिसतो आणि नकाशा चढवला की अख्खा मेंदू लाल होतो. उणे बाजू (शून्याखालचे आकडे) दिसतच नाही. प्रबंधात चित्रं कशी द्यावीत? – संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी टी-वन. फाइलमधल्या सर्वांत कमी ते सर्वांत जास्त किमतीपर्यंत करड्या छटा ताणल्या जातात. टाळूची किंवा मानेतली चरबी फार उजळ असली की वरचं टोक तिकडे जातं आणि मेंदूच्या वाट्याला खालच्या काळपट छटा येतात. ब्राइटनेसच्या स्लायडरशी झटापट नको. तोही मिन-मॅक्सच, म्हणजे छटांची खालची-वरची टोकंच, हलवतो. व्हाइट मॅटरवर (मेंदूतल्या आतल्या पांढऱ्या भागावर) क्लिक करा आणि लोकेशन पॅनेलमध्ये त्या व्हॉक्सेलची (चित्रातल्या त्या छोट्या घनाची) किंमत वाचा. ती ९०० असेल तर मॅक्समध्ये १००० टाइप करा. दुसऱ्या स्कॅनला हाच आकडा चालेलच असं नाही, कारण एमआरआयच्या किमतींना ठरावीक एकक नसतं.

अख्खा मेंदू लाल होतो, कारण तुम्ही थ्रेशोल्ड न लावलेला, म्हणजे ठरावीक मर्यादेखालच्या किमती न गाळलेला, नकाशा उघडला आहे. मिन ३.१ आणि मॅक्स ६ ठेवा. मग गिअरच्या चिन्हावर क्लिक करून डिस्प्ले (रंगांची) आणि क्लिपिंगच्या (व्हॉक्सेल लपवण्याच्या) खालच्या मर्यादा जोडलेल्या आहेत ना, ते पाहा. जोडलेल्या असतील तर ३.१ खालचे व्हॉक्सेल दिसेनासे होतात. नसतील तर तेही गडद लाल रंगात तसेच राहतात. बहुतेक जण इथेच फसतात.

पण मिन ३.१ केलं म्हणजे क्लस्टर करेक्शन (योगायोगाने उमटलेले डाग गाळणारी सांख्यिकी दुरुस्ती) झालं, असं मुळीच नाही! प्रबंधासाठी फीटने (एफएमआरआयचं विश्लेषण करणाऱ्या प्रोग्रामने) तयार केलेली थ्रेश-झेडस्टॅट, म्हणजे थ्रेशोल्ड लावलेली, फाइलच घ्या. साध्या झेडस्टॅटमध्ये निगेटिव्ह कलर मॅप चालू केला की उणे बाजू निळ्यात दिसते. थ्रेश फाइलमध्ये मात्र उणे किमती नसतातच. त्यासाठी उलटा कॉन्ट्रास्ट (उलट दिशेची तुलना) विश्लेषणाच्या मॉडेलमध्येच घालावा लागतो.

इंटरपोलेशन (व्हॉक्सेलांमधल्या जागेत किंमत भरण्याची रीत) ‘निअरेस्ट’ ठेवा. ‘लिनिअर’ने डाग गुळगुळीत, देखणे दिसतात, पण डेटा तितका बारीक नसतो. ॲटलसवर (मेंदूच्या भागांना क्रमांक देणाऱ्या नकाशावर) तर ‘लिनिअर’ चालवूच नका: १० आणि २० क्रमांकांच्या भागांमध्ये १५ नंबरचा, तिथे नसलेलाच भाग उगवतो. सगळ्या चित्रांना एकच मिन-मॅक्स द्या, रंगपट्टी छापा आणि डावी-उजवी दाखवणारी एल-आर अक्षरं कापू नका.

प्रश्न : थ्री-डी स्लायसर या वैद्यकीय चित्रं पाहण्याच्या प्रोग्राममध्ये डोक्याचा सीटी उघडला तर कवटी पांढरी आणि आत सगळं एकसारखं करडं. फाइल बिघडली आहे का?

उत्तर : नाही. ‘व्हॉल्यूम्स’ मॉड्यूलच्या डिस्प्ले विभागात विंडो (पट्ट्याची रुंदी) ८० आणि लेव्हल (पट्ट्याचा मध्य) ४० टाका, म्हणजे ० ते ८० हौन्सफील्ड (सीटीतल्या किमतींचं एकक) एवढाच पट्टा दिसेल. ग्रे आणि व्हाइट मॅटरमध्ये जेमतेम दहा-पंधरा युनिटचा फरक असतो; हजारांच्या पट्ट्यात तो कुठून दिसणार? कवटीचं फ्रॅक्चर पाहायचं असेल तर विंडो २००० च्या वर न्या. कवटीला चिकटलेला रक्ताचा पातळ थर ८० च्या विंडोत हाडाइतकाच पांढरा दिसून निसटतो; त्यासाठी विंडो २०० आणि लेव्हल ८० करून पुन्हा एकदा सगळे स्लाइस पाहावेत.