‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ हा जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा सिनेमा कोणत्या पुस्तकावर आहे? त्या लेखिकेचं आधी काय वाचू?

डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेच्या याच नावाच्या १९८६च्या कादंबरीवर. पण वाचायला सुरुवात ‘चार्म्ड लाइफ’पासून (१९७७) करा. मी दोन्ही वाचल्यात, म्हणून सांगतो. ‘चार्म्ड लाइफ’ला ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि बाईंचं खरं नाव झालं ते तिथून. आवडलं तर त्याच मालिकेतलं ‘द लाइव्ह्ज ऑफ क्रिस्टोफर चँट’ (१९८८) घ्या. त्यातली गोष्ट आधीच्या काळातली आहे, तरी वाचावं नंतरच, नाहीतर गंमत जाते.

सिनेमा (२००४) डोक्यात ठेवून ‘हाउल’ उघडणार असाल तर एक लक्षात घ्या: सिनेमाभर चालणारं युद्ध पुस्तकात नाही. उलट वाड्याच्या दाराची मूठ काळ्या रंगावर फिरवली की दार उघडतं थेट आजच्या वेल्समध्ये! तिथे हाउल हा ऐटबाज जादूगार म्हणजे साधा हॉवेल जेंकिन्स. बहीण त्याला चांगलीच फैलावर घेते आणि भाचा कॉम्प्युटर गेममधून मान वर काढत नाही. सिनेमातून हेच गाळलंय, आणि मला तर पुस्तकातला सगळ्यात भारी भाग तोच वाटतो.