पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, मग हार्मोनची गोळी कशाला?

हा प्रश्न मला ठाण्यात सारखा ऐकायला मिळतो, पण कळव्याच्या त्या काकू विसरता येत नाहीत (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन सगळं नीट पार पडलेलं, रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारा कॅन्सर), म्हणून लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी रोज एक, निदान ५ वर्षं, आणि काकूंनी दोन महिने गोळी घेतलीच नव्हती, स्ट्रिपा तांदळाच्या डब्यात लपवलेल्या. सोबत आलेल्या सुनेलाही तेव्हाच कळलं.

म्हणाल्या, "सकाळी बोटं आखडतात, कणीक मळता येत नाही, आणि पाळीच नाही तर हार्मोन येणार कुठून? शेजारणीला तर टॅमॉक्सिफेन दिलीये, माझी चुकली असेल."

प्रश्न रास्तच होता, त्यांना कुणी नीट समजावलंच नव्हतं. मी सांगितलं, काकू, अंडाशय थांबतं पण इस्ट्रोजेन पूर्ण थांबत नाही. किडनीच्या वर अॅड्रिनल ग्रंथी असतात, त्या अँड्रोजेन नावाचे हार्मोन बनवतात, आणि चरबीत, स्नायूत, स्तनातसुद्धा अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं ते त्याचं इस्ट्रोजेन करून टाकतं. उरलेली एखादी कॅन्सरची पेशी असेल तर तिला तेवढंही पुरतं. तुमची गोळी हे अरोमाटेजच बंद पाडते. शेजारीणबाईंची पाळी चालू आहे, त्यांचं अंडाशयच भरपूर इस्ट्रोजेन बनवतंय, तिथे नुसती लेट्रोझोल पुरत नाही, म्हणून टॅमॉक्सिफेन, ती इस्ट्रोजेनला पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागेवर, बसूच देत नाही.

काकू बराच वेळ गप्प. मग हळूच, "चरबीत बनतं म्हणजे... माझं वजन वाढलं म्हणून झालं का हे?"

हे ऐकलं की माझ्या पोटात तुटतं. खोटं मी बोलत नाही, पाळी गेल्यावर वाढलेल्या वजनाने धोका वाढतो हे खरंय, पण कॅन्सर एका कारणाने होत नाही आणि तुम्हाला त्यामुळेच झाला असं कुणीही डॉक्टर सांगू शकत नाही, तुम्ही काही गुन्हा केलेला नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं, सुनेकडे बघूनही सांगितलं.

सांधे आखडणं हा या गोळीचा माहितीतला त्रास आहे, तो लपवून गोळी बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगायचा असतो. त्याच आठवड्यात त्यांना ऑन्कॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी गोळी बदलून त्याच प्रकारची एक्झेमेस्टेन दिली, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि हाडांची घनता बघायला डेक्सा स्कॅन लिहून दिला, रोज चालायला सांगितलं.

आखडणं अजून आहे, पण कमी. कणीक सून मळते आणि काकू संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात.