डोंगर लुकलुकतात, कार्ड बदलू का?

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फावल्या वेळात 'स्कायरिम' या कॉम्प्युटर गेमची स्पेशल एडिशन खेळतो. दिवाळीच्या सुट्टीत मॉड ऑर्गनायझर २ हे सॉफ्टवेअर वापरून शंभराच्या वर मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले फेरबदल, घातले. आता गेममधल्या व्हाइटरन शहराच्या बाहेर उभं राहिलं की लांबचे डोंगर सतत लुकलुकतात. तिथल्या बॅनर्ड मेअर या सराईत शिरलं की जशी मान फिरवावी तसा जमिनीचा एखादा तुकडा उजळतो आणि काळा पडतो. तटाबाहेर एका मॉडनं आणलेलं घर आहे, त्याची एक भिंतही थरथरते. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड गेलं, नवं घ्या. बाबांकडे एवढे पैसे मागायला जीव होत नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अरे, बाबांना यात मुळीच ओढू नकोस. कार्ड बिघडतं तेव्हा ते डोंगर आणि फरशी निवडून बिघडत नाही. मग पडद्यावर कुठेही रंगीत ठिपके नि पट्टे उमटतात, दुसऱ्या गेममध्येही तेच होतं, कधी नुसत्या डेस्कटॉपवरही. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. न तपासता पोरांना हजारोंच्या खर्चात पाडतात याचा मला खरंच राग येतो.

तरी मनाच्या समाधानासाठी एक कर. लुकलुकणाऱ्या जागी उभा राहून मिनिटभर गेमचं स्क्रीन रेकॉर्डिंग घे आणि ते फोनवर बघ. रेकॉर्डिंगमध्येही तेच दिसलं तर दोष गेमच्या चित्रात आहे. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि फक्त मॉनिटरवर फडफड, असं असेल तर केबल बदलून पाहा आणि मॉनिटरचा व्हेरिएबल रिफ्रेश (गेमच्या वेगाप्रमाणे पडदा ताजा होण्याचा वेग बदलणारी सोय) बंद करून पाहा. तू लिहिलंस त्यावरून ती वेळ येणार नाही. तुझ्याकडे तीन वेगळे दोष एकाच वेळी आहेत, म्हणून एका उपायानं ते जात नाहीत.

आधी डोंगर. ही खोड २०११ साली गेम आला तेव्हापासूनची, एकही मॉड नसताना दिसणारी. याला झेड-फायटिंग म्हणतात. प्रत्येक ठिपका डोळ्यापासून किती लांब आहे, हे कार्ड एका आकड्यात साठवतं. ती मोजपट्टी जवळ मिलिमीटरच्या रेघांची आणि लांब गेल्यावर नुसत्या फुटांच्या रेघांची असते. दूरच्या डोंगराचे दोन थर एकमेकांना अगदी लागून असले की दोघांना जवळजवळ एकच आकडा मिळतो. मग एका फ्रेमला हा थर वर येतो, पुढच्या फ्रेमला तो. मॉडमधली नवी टेक्स्चर्स, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, जास्त गडद-उजळ असतात, म्हणून तुझ्या डोळ्यांना ते आत्ता जाणवलं.

ही मोजपट्टी कुठून सुरू होते ते 'एफ-निअर-डिस्टन्स' या ओळीवर ठरतं. स्कायरिमच्या आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्ज लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, 'डिस्प्ले' या मथळ्याखाली ती असते. नसेल तर स्वतः लिही. इंग्रजीत सगळं जोडून, एफ लहान, एन आणि डी मोठे, मग बरोबरचं चिन्ह आणि आकडा. मूळ आकडा १५, म्हणजे गेमच्या मापानं साधारण २१ सेंटीमीटर. तो २० कर, नाही भागलं तर २५. त्यापुढे जाऊ नकोस, कारण भिंतीला अगदी चिकटून उभा राहिलास की भिंत कापल्यासारखी होऊन पलीकडचं दिसायला लागेल. एक मात्र नीट ऐक: मॉड ऑर्गनायझरमध्ये बहुधा प्रत्येक प्रोफाइलची, म्हणजे मॉडच्या प्रत्येक वेगळ्या मांडणीची, आयएनआय वेगळी असते. डॉक्युमेंट्समधली फाइल बदलून कितीही वेळा गेम चालू केलास तरी काही फरक पडणार नाही. टूल्समध्ये आयएनआय एडिटर आहे, बदल तिथूनच कर.

बॅनर्ड मेअरच्या जमिनीचं कारण अगदी वेगळं. या इंजिनात एका वस्तूवर एका वेळी मोजकेच दिवे उजेड टाकू शकतात. प्रकाशाच्या मॉडनं खोलीत ज्यादा मेणबत्त्या नि कंदील लावले की कोणते दिवे मोजायचे हे इंजिन पुन्हा पुन्हा ठरवत बसतं. तू मान वळवलीस की निवड बदलते आणि फरशीचा तुकडा काळा पडतो. तुझ्या यादीत 'ईएलएफएक्स' आणि 'लक्स' दोन्ही आहेत का, हे आधी बघ. दोन्ही मॉड घरांच्या आतला उजेड नव्यानं लावतात, दोन्ही एकत्र नकोतच. एकच ठेवूनही त्रास राहिला तर 'कम्युनिटी शेडर्स' या चित्र सुधारणाऱ्या मॉडमधलं 'लाइट लिमिट फिक्स' घाल, ते नेमकं याच दुखण्यावर केलेलं आहे. मात्र ईएनबी (चित्र झगमगीत करणारी वेगळी जोड) वापरत असशील तर कम्युनिटी शेडर्स त्याच्यासोबत चालत नाही. मला विचारशील तर ईएनबी सोड. चित्र थोडं कमी झगमगीत दिसेल, पण सरायीत बसून वीणेवरचं गाणं ऐकताना जमीन काळी-पांढरी होणार नाही.

आता भिंत. इथे दोन वस्तू एकाच जागी उभ्या आहेत असा माझा कयास आहे. आधी वेगळा सेव्ह करून ठेव. मग भिंतीसमोर उभा राहून १ च्या डावीकडची कळ दाब, कन्सोल, म्हणजे गेमला हुकूम टाइप करायची चौकट, उघडेल. भिंतीवर क्लिक केलंस की वर आठ अक्षरी क्रमांक येईल. 'डिसेबल' टाइप करून एंटर दे. थरथर थांबली पण भिंत तशीच उभी दिसली, तर एकाच जागी दोन भिंती आहेत हे नक्की. लगेच 'एनेबल' देऊन ती परत आण आणि ती बंद असताना सेव्ह करू नकोस, नाहीतर ती भिंत त्या सेव्हमध्ये कायमची गायब राहील.

क्रमांकाची पहिली दोन अक्षरं म्हणजे ती वस्तू आणणाऱ्या मॉडचा लोड ऑर्डरमधला, म्हणजे गेम मॉड ज्या क्रमानं उघडतो त्या यादीतला, क्रम. एफई आलं तर ती हलक्या प्लगिनमधली, म्हणजे यादीत वेगळी जागा न घेणाऱ्या छोट्या मॉड-फाइलमधली. शून्य-शून्य आलं तर वस्तू मूळ गेमची आहे, पण कुठल्याशा मॉडनं ती हलवलेली असू शकते. अशा वेळी एसएसई-एडिट या मॉडच्या फाइली उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो क्रमांक शोध आणि सगळ्यात उजवीकडचा रकाना पाहा, गेममध्ये त्याचंच चालतं. दोषी मॉड सापडला की लगेच उपटून टाकू नकोस. आधी त्याच्या पानावरची माहिती वाच. ही मंडळी पदरचा वेळ घालून, एक पैसा न घेता, कशाशी जुळतं आणि कशासाठी पॅच (दोन मॉड जुळवणारी छोटी फाइल) लागतो हे लिहून ठेवतात. पुष्कळदा तुझ्याच जोडीचा पॅच तिथे तयार असतो.

डिनडॉलॉड (लांबून दिसणारी दृश्यं तयार करणारं सॉफ्टवेअर) वापरत असशील तर घर-गावांचे मॉड बदलल्यावर त्याची दूरची दृश्यं पुन्हा तयार कर. जुनी ठेवलीस तर काढून टाकलेली घरं लांबून दिसतच राहतील. आणि व्ही-सिंक (गेमच्या फ्रेम पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) बंद केला असशील तर चालू कर. हे इंजिन सेकंदाला साठ फ्रेमसाठी बांधलेलं आहे, त्यावर नेलं की टेबलावरच्या थाळ्या आपोआप उडायला लागतात.

एका वेळी एकच बदल कर आणि प्रत्येक वेळी त्याच जागी जाऊन पाहा. एवढं करूनही काही उरलं तर लोड ऑर्डरची यादी आणि भिंतीचा तो क्रमांक लिहून पाठव.