बेनिफिस एकत्र होत आहेत की पॅरिश? नोटीस वाचताना पाहायची पहिली गोष्ट

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: पूर्व इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील आपल्या गावच्या चर्चच्या दारावर चर्च ऑफ इंग्लंडच्या (इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन चर्चच्या) एका योजनेच्या मसुद्याची नोटीस लागली आहे. शेजारच्या पाच गावांबरोबर आपले गाव एकत्र करण्याचे त्यात म्हटले आहे. चर्च बंद पडेल का, वडिलांच्या कबरीजवळ आईला जागा मिळेल का, आणि हरकत घ्यायची झाल्यास ती कोणाकडे घ्यावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. पूर्व इंग्लंडमधील एका खेड्याच्या चर्च कौन्सिलचा (चर्चचा कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या मंडळाचा) सचिव म्हणून मी बारा वर्षे काम केले आणि अशी एक योजना पहिल्या बैठकीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत जवळून पाहिली, म्हणून सविस्तर लिहितो.

नोटिशीत एकत्र काय होत आहे, बेनिफिस की पॅरिश, हे सर्वांत आधी पाहावे. बेनिफिस म्हणजे पाळकाचे पद. पॅरिश म्हणजे शिव, म्हणजे सीमा, आखलेला प्रदेश आणि त्या शिवेच्या आत राहणारा प्रत्येक माणूस, मग तो चर्चमध्ये येणारा असो वा नसो. सहा बेनिफिस एकत्र झाली तर सहा गावांना मिळून एक व्हिकर, म्हणजे पाळक, राहतो, परंतु सहाही पॅरिश, त्यांची चर्च कौन्सिले, त्यांचे वॉर्डन (चर्चची व्यवस्था पाहणारे निवडलेले प्रतिनिधी) आणि त्यांची बँकेतील खाती जशीच्या तशी राहतात. सहा पॅरिश एकत्र झाल्या तर आपल्या गावचे कौन्सिल विसर्जित होते, त्याची मालमत्ता आणि पैसा नव्या कौन्सिलकडे जातो, आणि शिव पुसली जाते. कित्येक योजनांत या दोन्ही गोष्टी एकाच मसुद्यात, लागोपाठच्या कलमांत असतात, आणि वाचणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे व्हिकरकडे जाते. आमच्या गावात नेमके हेच घडले.

ही शिव इतकी महत्त्वाची का, हे आपल्याकडून आलेल्या माणसाला सहज उमगत नाही. माझे बालपण अहमदनगर जिल्ह्यात गेले. तेथे एका पाळकाकडे आठ-दहा गावांच्या मंडळ्या असत, पाळक महिन्यातून एकदा प्रभुभोजनासाठी येत आणि इतर रविवारी उपासना मास्तर चालवीत. मंडळी म्हणजे माणसे. तिला कायद्याने बांधलेली शिव नव्हती. १९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अँग्लिकन मंडळ्या इतरांबरोबर एक झाल्या, तेव्हाही आमच्या वडीलधाऱ्यांपुढे गावाच्या शिवेचा प्रश्न आला नाही. त्यामुळे एका व्हिकरकडे चार चर्चे आली म्हणून गावकरी इतके व्याकूळ का होतात, हे मला येथे आल्यावर बरीच वर्षे कळत नव्हते.

इंग्लंडमधील खेड्यांच्या पॅरिशच्या सीमा बहुतांशी बाराव्या शतकापर्यंत पक्क्या झाल्या होत्या, कारण कोणत्या शेताच्या उत्पन्नाचा दशांश (दहावा हिस्सा) कोणत्या चर्चला द्यायचा हे त्या सीमेवरून ठरत असे. खडूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या कित्येक पॅरिश लांब आणि अरुंद पट्ट्यांसारख्या आहेत. वर मेंढ्यांसाठी माळ, मध्ये नांगरटीची जमीन, खाली ओढ्याकाठचे गवत, असे प्रत्येक गावाच्या वाट्याला सर्व काही यावे म्हणून. स्वर्गारोहणाच्या दिवसांत पाळक, म्हातारे आणि मुले शिवेवरून चालत जात आणि खुणेच्या दगडांवर, झाडांवर काठ्या मारीत, म्हणजे पुढच्या पिढीला शिव पाठ व्हावी. १६०१ च्या कायद्याने गरिबांचे पोषणही पॅरिशवर सोपवले गेले, आणि माणूस कोणत्या पॅरिशचा आहे यावर त्याची भाकरी अवलंबून राहू लागली. १८९४ च्या कायद्याने ग्रामीण भागात निवडून आलेली पॅरिश कौन्सिले स्थापन झाली आणि गावचा नागरी कारभार चर्चपासून वेगळा झाला. तेव्हापासून चर्चची शिव आणि नागरी पॅरिशची शिव पुष्कळ ठिकाणी एकच दिसत असली तरी त्या दोन वेगळ्या रेषा आहेत. आपल्या योजनेमुळे नागरी पॅरिश कौन्सिलला काहीही होणार नाही, हे शेजाऱ्यांना सांगून ठेवावे; तो गैरसमज हटकून होतो.

नॉरफोकमध्ये ही गुंतागुंत अधिक आहे. त्या एका परगण्यात साडेसहाशेहून अधिक मध्ययुगीन चर्चे आहेत. रीफम येथे तर तीन पॅरिशच्या सीमा एकमेकींना भिडत असल्यामुळे तीन चर्चे एकाच आवारात उभी राहिली. त्यांपैकी हॅकफर्डचे चर्च १५४३ साली जळाले आणि दोन आजही शेजारी शेजारी आहेत. एवढ्या चर्चांना एकेक पाळक देणे आज कोणालाही शक्य नाही, हे मी मान्य करतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये वीस हजारांहून अधिक पाळक होते. आता पगारी पाळक सात हजारांच्या आसपास आहेत. शिवाय पूर्वी पाळकाचा चरितार्थ पुष्कळ अंशी त्याच गावच्या ग्लीब जमिनीवर, म्हणजे पाळकपदाला जोडलेल्या जमिनीवर, चालत असे. १९७६ च्या मेझरप्रमाणे (चर्चच्या कायद्याप्रमाणे) १ एप्रिल १९७८ पासून ती जमीन डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, अर्थमंडळाकडे गेली, आणि तेव्हापासून पाळकाचा पगार मध्यवर्ती निधीतून व त्या निधीत प्रत्येक पॅरिशने भरायच्या वाट्यातून निघतो. आपल्या गावात कोणी म्हणेल की आमच्याच जमिनीवर आमचा व्हिकर पोसला जात होता, तर ते इतिहास म्हणून खरे आहे. हरकतीचा आधार म्हणून ते टिकत नाही.

एका पाळकाकडे अनेक गावे असणे चांगल्या रीतीने चालू शकते, हेही नमूद करतो. लिंकनशरमधील साउथ ऑर्म्सबी येथे १९४९ साली आणि नॉरफोकमधील हिल्बरा येथे १९६१ साली असे गट उभे राहिले, आणि तेथूनच ही पद्धत इतरत्र पोचली. म्हणून व्हिकर वाटून घेण्याला विरोध करण्यात मी शक्ती घालवणार नाही. कौन्सिल आणि शिव जाऊ देण्याला मात्र करीन.

त्याचे कारण आमच्या गावचा अनुभव आहे. मसुदा आला तेव्हा आम्ही दोन सभा घेतल्या, शंभराहून अधिक सह्या जमवल्या आणि सगळा भर एकाच मागणीवर दिला: व्हिकरने आमच्या गावातच राहावे. ती मागणी मान्य झाली. आम्हाला आनंद झाला, आणि चारही पॅरिश एक करणाऱ्या कलमावर आमच्यापैकी कोणीही एक ओळ लिहिली नाही. दोन वर्षांनी व्हिकर बदलून गेले. आमचे कौन्सिल तोपर्यंत उरलेले नव्हते. नव्या कौन्सिलमध्ये आमच्या गावचे तीन सदस्य होते, आणि छताच्या शिशासाठी साठवलेला पैसा दुसऱ्या गावच्या बॉयलरला गेला. तो पैसा छतासाठीच आहे, असे देणगी घेताना कोठेही लिहून ठेवलेले नसल्याने त्यात बेकायदा असे काही नव्हते. ती आमची चूक होती. परंतु खरे नुकसान माणसांचे झाले. गवत कापणारे, घंटा वाजवणारे, किल्ली सांभाळणारे लोक आपल्या गावासाठी येत असत. बैठक आठ मैलांवर गेली तसे ते एकेक करून गळाले. चर्च चालवणारी ही पाच-सहा माणसे असतात आणि त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या हातात असलेला निर्णय, असे माझे ठाम मत आहे. वेल्समध्ये २०१२ च्या अहवालानंतर पॅरिशऐवजी मोठी सेवाक्षेत्रे आली, आणि लेस्टर डायोसिसने २०२१ मध्ये तशाच मोठ्या समूहांचा निर्णय घेतला. अशा ठिकाणीही मी प्रथम हेच विचारीन की गावाच्या हातात कोणता निर्णय उरतो.

आपल्या मसुद्यात पॅरिश एकत्र करण्याचे कलम असेलच, तर निदान तीन गोष्टी मागाव्यात. आपले चर्च नव्या पॅरिशचे पॅरिश चर्च म्हणून स्पष्ट नोंदले जावे, कारण एका पॅरिशला एकाहून अधिक पॅरिश चर्चे असू शकतात आणि अशा प्रत्येक चर्चसाठी दोन वॉर्डन निवडता येतात. गावासाठी डिस्ट्रिक्ट चर्च कौन्सिल, म्हणजे नव्या कौन्सिलच्या हाताखालचे गावापुरते मंडळ, असावे आणि देखभालीचा खर्च त्याच्याकडे सोपवला जावा. आणि विशिष्ट कामासाठी मिळालेल्या देणग्यांची यादी, देणगीपत्रांसह, एकत्रीकरणापूर्वी नव्या कौन्सिलच्या दप्तरात जावी. कारण हेतू लिहिलेला असेल तर तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही.

चर्च बंद पडण्याची भीती या नोटिशीपुरती बाजूला ठेवावी. चर्च नियमित उपासनेसाठी बंद करण्याची प्रक्रिया वेगळी असते, तिचा मसुदा वेगळा निघतो आणि तिची नोटीसही वेगळी लागते.

आईच्या जागेविषयी: पॅरिशमध्ये राहणाऱ्या व्यक्तीला, दफनभूमी खुली असेपर्यंत, तेथे दफनाचा हक्क असतो. पॅरिश एकत्र झाल्याने तो हक्क जात नाही. उलट आता सहाही गावांच्या लोकांना तो तुमच्या आवारात मिळू शकेल, आणि जागा कमी असेल तर ती लवकर भरेल. मुख्य म्हणजे हा हक्क ठरावीक जागेचा नसतो. वडिलांच्या कबरीजवळची नेमकी जागा राखायची असेल तर डायोसिसच्या न्यायालयाकडून फॅकल्टी, म्हणजे लेखी परवानगी, घ्यावी लागते. तो अर्ज योजनेच्या निकालाची वाट न पाहता या महिन्यातच करावा. आई सध्या त्या पॅरिशमध्ये राहत नसतील तर त्यांचे नाव तेथील चर्चच्या इलेक्टोरल रोलमध्ये, म्हणजे मतदारयादीत, आहे की नाही हेही पाहावे, कारण त्या नोंदीनेही दफनाचा हक्क मिळतो.

हरकत बिशपकडे पाठवून थांबू नये. मसुदा प्रसिद्ध झाल्यानंतरच्या लेखी हरकती चर्च कमिशनर्सकडे, म्हणजे चर्चच्या राष्ट्रीय स्तरावरील मंडळाकडे, जातात; त्यासाठी निदान २८ दिवसांची मुदत असते आणि शेवटची तारीख नोटिशीवर छापलेली असते. गरज वाटल्यास त्यांची समिती सुनावणी घेते, आणि त्यानंतरही परवानगी मिळाल्यास प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या न्यायसमितीकडे, अपील करता येते. पत्रात कलमाचा क्रमांक द्यावा आणि प्रत्येक कलमाबद्दल वेगळा परिच्छेद लिहावा. जी कलमे मान्य आहेत त्यांना पाठिंबाही लिहावा; बेनिफिस एकत्र करण्यास संमती आणि पॅरिश एकत्र करण्यास हरकत असे पत्र, सरसकट विरोधापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचले जाते. शंभर सह्यांच्या एका अर्जापेक्षा गावातील दहा जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रे मला अधिक मोलाची वाटतात.

शेवटी नकाशा मागवून घ्यावा आणि शिवेवरून स्वतः चालून यावे. आमच्याकडे बाह्यवळण रस्ता झाल्यानंतर बांधलेली चाळीस घरे गावाला लागून होती, मुले आमच्याच गावात खेळत, परंतु पॅरिशच्या जुन्या रेषेनुसार ती शेजारच्या गावात पडत होती. सीमेतील असा बदल याच योजनेत करून घेता येतो. गल्ल्यांची नावे, कोणत्या कुंपणापर्यंत आणि कोणत्या ओढ्यापर्यंत, हे नकाशावर लाल शाईने दाखवून पत्राला जोडावे.